केस पुसली जाते, पण कुणाच्या वहीतून?

पत्र

ताई, माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. एमएस झालं, सध्या ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, नोकरी करतो, कंपनीनं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी नाव घातलं आहे. मध्यंतरी एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटवर काही वस्तू स्कॅन न करताच तो बाहेर पडला आणि पोलिसांनी धरलं. वस्तू साधारण २३० डॉलरच्या. तो म्हणतो, फोनवर बोलत होतो, लक्ष नव्हतं. केस आधी वरच्या कोर्टाची होती, आता गावच्या म्युनिसिपल कोर्टात आली आहे. माझा भाचा एडिसनला असतो, तो सिटिझन आहे. त्यानं ओळखीचा वकील करून दिला. वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, वर्षभर नीट राहा, केस पूर्ण पुसली जाईल. भाचाही म्हणतो, सही करून मोकळा हो. ह्यांनी त्याला दुकानाच्या नावे माफीचं पत्र लिहायला सांगितलंय, आणि तेव्हापासून ते त्याच्याशी बोललेले नाहीत. पुढच्या तारखेला तो सही करणार आहे. तुळशीचं लग्न झालं की त्याच्या बहिणीचं लग्न आहे, तेव्हा त्याला यावंच लागेल. मी त्याला काय सांगू?
– एक आई, नाशिक

उत्तर

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. पुढच्या तारखेला त्यानं गुन्हा कबूल करू नये. कधीच करू नये असं म्हणत नाही, पण त्या दिवशी नको. वकिलाला सांगून पुढची तारीख मागून घ्यावी आणि मधल्या काळात इमिग्रेशनच्या वकिलाला सगळे कागद दाखवावेत. त्यातही फौजदारी केसचे व्हिसावर काय परिणाम होतात, याच कामात मुरलेला वकील हवा. कंपनीतर्फे एच-वन-बीचे अर्ज भरणारा वकील इथे पुरत नाही. तो कंपनीचंही हित बघतो. त्याला काय आणि कधी सांगायचं, हेसुद्धा या स्वतंत्र वकिलाला विचारूनच ठरवावं.

मी अमेरिकेत वकिली करत नाही, तेव्हा माझ्या या पत्रावर विसंबून कुठलाही कागद सही करायचा नाही की फाडायचा नाही. मात्र त्या वकिलासमोर काय विचारायचं, हे मी नक्की सांगू शकते.

तुमचा भाचा किंवा त्याचा वकील खोटं बोलत नाहीत. न्यू जर्सीच्या म्युनिसिपल कोर्टात पहिल्याच किरकोळ गुन्ह्यासाठी ‘कंडिशनल डिसमिसल’ नावाची सोय आहे. आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायाधीश शिक्षेची नोंद न करता वर्षभर देखरेखीखाली ठेवतात, वर्ष सरळ गेलं की केस काढून टाकली जाते. राज्याच्या कायद्याच्या नजरेत त्या मुलावर दोष सिद्ध झालाच नाही. सिटिझन असलेल्या माणसासाठी याहून चांगली सुटका नाही, आणि तुमचा भाचा सिटिझन आहे. त्याच्या अनुभवातलं सत्य तुमच्या मुलाच्या कामाचं नाही, इतकंच.

कारण इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे आणि ‘दोषसिद्धी’ कशाला म्हणायचं हे तो स्वतःच ठरवतो. १९९६ साली अमेरिकेच्या काँग्रेसनं ही व्याख्या मुद्दाम रुंद केली. माणसानं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी त्याच्यावर कसलंही बंधन घातलं, मग ते दंडाचं असो, देखरेखीचं असो की समाजसेवेचं, तर इमिग्रेशनच्या वहीत ती दोषसिद्धी झाली. पुढे राज्यानं केस काढून टाकली, रेकॉर्ड पुसलं, तरी त्या वहीतली ओळ तशीच राहते. न्यू जर्सीच्या कंडिशनल डिसमिसलमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत, कबुलीही आणि वर्षाचं बंधनही. म्हणून वकिलाचं ‘पूर्ण पुसली जाईल’ हे वाक्य कोर्टाच्या इमारतीपुरतं खरं आहे. मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या खिडकीसमोर ते चालणार नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा अंदाज येत नाही, याचं एक कारण मला दिसतं. किरकोळ केसमध्ये मॅजिस्ट्रेटसमोर ‘गुन्हा कबूल’ म्हणायचं, दंड भरायचा आणि दुपारच्या आत घरी यायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कबुली म्हणजे कटकट मिटवण्याचा रस्ता. अमेरिकेतही बहुतेक केसेस तशाच मिटतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये एका निकालात आकडे दिले होते: राज्यांच्या कोर्टातल्या १०० दोषसिद्धींपैकी ९४ आणि केंद्राच्या कोर्टातल्या ९७ कबुलीतूनच येतात. खटला उभा राहतो तो सिनेमात. त्यामुळे म्युनिसिपल कोर्टातल्या वकिलाला रोज दहा जणांना ‘हे घे, चांगलं आहे’ म्हणण्याची सवय असते, आणि त्या दहांपैकी बहुतेकांकडे अमेरिकन पासपोर्ट असतो.

आता तुमच्या मुलाची केस जरा जवळून बघू, कारण तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. ‘आधी वरच्या कोर्टाची होती, आता म्युनिसिपल कोर्टात आली.’ न्यू जर्सीत दुकानातून उचललेल्या मालाची किंमत २०० डॉलरच्या खाली असेल तर तो हलका गुन्हा, जास्तीत जास्त ६ महिने कैद. २०० च्या वर गेला की चौथ्या श्रेणीचा गुन्हा, आणि कैद १८ महिन्यांपर्यंत जाऊ शकते. २३० डॉलर म्हणजे तो रेषेच्या पलीकडे होता. सरकारी वकिलानं तो खालच्या दर्जात आणून म्युनिसिपल कोर्टाकडे पाठवलेला दिसतो.

हे तीस डॉलर इमिग्रेशनच्या दृष्टीनं किती महाग पडले असते ते पाहा. चोरीला तिथला कायदा ‘नैतिक अधःपतनाचा गुन्हा’ मानतो. अमेरिकेत प्रवेश मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत असा एक गुन्हा घडला आणि त्याला एक वर्ष किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर त्या माणसाला देशाबाहेर काढता येतं. प्रत्यक्षात शिक्षा किती झाली हे इथे बघतच नाहीत, होऊ किती शकली असती ते बघतात. १८ महिन्यांच्या गुन्ह्याची कबुली म्हणजे थेट हद्दपारीचं दार. ६ महिन्यांच्या गुन्ह्याला ते दार लागू होत नाही. म्हणून केस खाली आली, हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला भाग आहे. ती खरोखर खाली आली आहे का, कागदावर कुठलं कलम आणि कुठली श्रेणी लिहिली आहे, हे नव्या वकिलाकडून पहिल्यांदा तपासून घ्या. तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

मग तुम्ही म्हणाल, दार लागू होत नाही तर करू दे की सही. ताई, तिथेच थांबायचं. कायद्यात किरकोळ गुन्ह्यासाठी एक सवलत आहे: आयुष्यात असा एकच गुन्हा असेल, त्याची कमाल शिक्षा एका वर्षाहून जास्त नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा ६ महिन्यांहून जास्त झाली नसेल, तर व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाकारण्याचं ते कारण धरत नाहीत. तुमच्या मुलाला ती बहुधा मिळेल. पण ती एकदाच मिळते. उद्या दुसऱ्या एखाद्या भानगडीत असाच आरोप सिद्ध झाला, अगदी वीस वर्षांनी, ग्रीन कार्ड हातात असताना, तरी दोन गुन्हे झाले म्हणून हद्दपारी होऊ शकते. शिवाय एच-वन-बी, पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टॅम्पिंग, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप या प्रत्येक टप्प्यावर हा विषय नव्यानं उघडणार. जे न देता सुटता येत असेल, ते आधीच का देऊन टाकायचं?

सुटण्याचे मार्गही आहेत. पुरावा कमजोर असेल तर केस तशीच काढून टाकायला सांगता येतं. काही वेळा चोरीचा अंश नसलेल्या गावच्या एखाद्या स्थानिक नियमाच्या भंगावर तडजोड होते. इमिग्रेशनचा वकील हवा तो यासाठी. ‘हे करू नको’ एवढं सांगून तो थांबत नाही. फौजदारी वकिलाला फोन करून ‘त्याऐवजी हे माग’ असं सांगतो. चांगले वकील हे दोघं मिळून करतात. भाच्याच्या वकिलाला यात अपमान वाटायचं कारण नाही, आणि वाटलाच तर वाटू द्या.

आणि हे ‘लक्ष नव्हतं’ त्यानं वकिलाला सांगितलंय का? न्यू जर्सीच्या कायद्यात दुकानातल्या चोरीला पैसे न देण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. फोनवर बोलताना वस्तू स्कॅन करायची राहिली असेल तर हेतूच नव्हता, आणि हेतू नाही तर गुन्हा नाही. कबुलीच्या दिवशी न्यायाधीश नुसतं ‘हो’ ऐकून घेत नाहीत. काय केलं आणि का केलं, हे आरोपीला स्वतःच्या तोंडानं, शपथेवर सांगावं लागतं. म्हणजे तुमच्या मुलाला भर कोर्टात म्हणावं लागेल की मी वस्तू मुद्दाम, पैसे न देण्याच्या इराद्यानं नेल्या. ते खरं नसेल तर तो हे म्हणणार कसा? आणि ते खरं असेल तर त्यानं वकिलाला तरी खरं सांगावं. तुम्हाला सांगितलंच पाहिजे असं नाही. आईला न सांगता येणाऱ्या गोष्टी मुलं वकिलाला सांगू शकतात, आणि ते गुपित तिथेच राहतं.

याच मुद्द्यावरून तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत माणसं गेली आहेत, त्यांतल्या दोघांविषयी तुमच्या मुलानं जरूर वाचावं. होझे पडिला हा मूळचा होंडुरासचा. चाळीस वर्षांहून जास्त काळ ग्रीन कार्डवर अमेरिकेत राहिलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्यात असलेला, पुढे ट्रकचालक. केंटकी राज्यात त्याच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. त्याचा वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची काळजी करू नको. त्यानं गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी समोर उभी राहिली. ३१ मार्च २०१० रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयानं ठरवलं की परकीय नागरिक असलेल्या अशिलाला कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे का, हे सांगणं फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. न सांगणं किंवा चुकीचं सांगणं हे कर्तव्यात कसूर ठरतं. वकील सरकारनं दिलेला असो की पैसे मोजून केलेला, दोघांनाही हे लागू आहे.

दुसरा जे ली. दक्षिण कोरियातून आई-वडिलांबरोबर तेराव्या वर्षी आला, मेम्फिसमध्ये रेस्टॉरंट चालवायचा. अमली पदार्थाच्या केसमध्ये त्यानं वकिलाला परत परत विचारलं, मला बाहेर काढतील का? वकील म्हणाला, नाही. कबुलीच्या दिवशी न्यायाधीशांनी स्वतः बजावलं की यातून हद्दपारी होऊ शकते. ली गोंधळला, वकिलाकडे वळला, आणि वकिलानं सांगितलं की हे तर नेहमीचं छापील वाक्य आहे. २०१७ मध्ये न्यायालयानं निकाल लीच्या बाजूनं दिला, पण तोवर त्याच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यात गेली. तुमच्या मुलाला न्यायाधीश किंवा एखादा फॉर्म ‘तू नागरिक नसशील तर परिणाम होऊ शकतात’ असं बजावेल, तेव्हा मान डोलावण्याआधी त्याला हे आठवलं पाहिजे.

पडिला निकालातली एक खोच मात्र लक्षात ठेवा. कायदा जिथे स्वच्छ आहे तिथे वकिलानं स्वच्छ सांगायचं. जिथे गुंतागुंत आहे तिथे ‘धोका असू शकतो’ एवढं सांगूनही त्याचं कर्तव्य पुरं होतं. तुमच्या घराला ‘असू शकतो’ पुरणार नाही. म्हणून तुमच्या मुलानं वकिलाला ईमेलवर विचारावं आणि उत्तरही ईमेलवरच घ्यावं. प्रश्न असे: माझा स्टेटस एफ-वन (विद्यार्थी व्हिसा), ओपीटीवर आहे. मी हे कलम कबूल केलं तर इमिग्रेशन कायद्यात ती दोषसिद्धी ठरेल का? मला काढता येईल का? व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाकारता येईल का? या कलमाची कमाल शिक्षा किती? उत्तर ‘काळजी करू नको’ असं आलं, तर वकील बदलण्याची वेळ झाली असं समजावं.

आता ह्यांचं माफीचं पत्र. ते अजून पाठवलं नसेल तर पाठवू नका. तुमच्या यजमानांचा हेतू मला कळतो. चूक झाली तर समोरच्याच्या दारात जाऊन मान खाली घालायची, हे आपल्या घरांतलं वळण आहे, आणि चांगलं वळण आहे. पण केस चालू असताना लिहिलेलं असं पत्र सरकारी वकिलाच्या हातात पुरावा होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मामा-काकांच्या ग्रुपमध्ये ‘काय झालं होतं नक्की’ याची चर्चाही तशीच. मुलाला सांगा, घडलेल्या गोष्टीबद्दल वकिलाशिवाय कुणाशीही लिहून काही बोलायचं नाही. दुकानाकडून पैसे मागणारं पत्र आलं तरी आधी वकिलाला दाखवायचं. ते पैसे भरले म्हणून फौजदारी केस संपत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण अबोला त्या मुलाला सहीकडे ढकलतोय, असं मला वाटतं. बाबा बोलत नाहीत, आई रडते, मामेभाऊ म्हणतो मोकळा हो. अशा वेळी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा लवकरात लवकर संपेल ते निवडतो. तुमच्या यजमानांना चोरीवर बोलायचं असेल तर केस संपल्यावर तासभर बोलू दे. सध्या त्यांनी एवढंच म्हणावं की पैशांची काळजी करू नको, दुसरा वकील कर. हे वाक्य बापाच्या तोंडून यायला हवं, तुमच्या नाही.

बहिणीच्या लग्नाचं लिहिताना हात जड होतो. केस चालू असताना त्यानं भारतात येऊ नये. अटकेची नोंद झाली की अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. आत राहणाऱ्याचं स्टेटस त्यानं लगेच संपत नाही, पण एकदा बाहेर पडलं की परतायला नवा व्हिसा लागतो. अर्जात थेट विचारतात: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? केस सुटली असली, पुसली गेली असली तरी उत्तर ‘हो’ असंच द्यायचं असतं. इथे ‘नाही’ लिहिलं तर मूळ गुन्ह्यापेक्षा ते खोटं महागात पडतं, आणि कायमची बंदी येऊ शकते. केसचा निकाल लागल्यावर कोर्टाच्या शिक्क्याची निकालप्रत घेऊन, इमिग्रेशनच्या वकिलानं हिरवा कंदील दाखवला तरच प्रवास.

आणि आत राहिला म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद अचानक बंद केली गेली होती. त्यांतल्या कित्येकांच्या नावावर पोलिसांशी आलेला एखादा किरकोळ संबंध किंवा सुटलेली केस एवढंच होतं. देशभर दावे दाखल झाले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारनं नोंदी पुन्हा सुरू केल्या. म्हणून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचे ईमेल त्यानं रोज वाचावेत आणि ओपीटीची कागदपत्रं, नोकरीची नोंद, पत्ता, सगळं काटेकोर ठेवावं. त्या कार्यालयातली माणसं मदत करतात, पण ती त्याचे वकील नाहीत.

भारतीय वकिलातीचा आधार किती, तेही सांगते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे अटक झालेल्या परकीय माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क आहे हे पोलिसांनी त्याला सांगायचं असतं. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ ला हेगच्या न्यायालयानं पाकिस्तानला दोषी ठरवलं ते याच कलमाखाली. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटकडे येतं. त्यांना कळवायला हरकत नाही, पण अमेरिकन कोर्टातली केस ते मागे घ्यायला लावू शकत नाहीत. शिवाय हद्दपारीचं प्रकरण पुढे कधी उभं राहिलंच, तर तिथे सरकार फुकट वकील देत नाही, कारण ते फौजदारी मानलं जात नाही. खर्च करायचा तो आत्ता, या टप्प्यावर.

हे छापून येईपर्यंत त्यानं सही केली असेल तर? तरी हातपाय गाळू नका. पहिलं म्हणजे कबुलीच्या वेळी वकिलानं इमिग्रेशनबद्दल काय सांगितलं होतं, ते त्यानं आठवून तारखेसकट लिहून काढावं. मेसेज, ईमेल काही पुसू नये. वकिलानं परिणाम सांगितलेच नसतील किंवा चुकीचे सांगितले असतील, तर पडिला निकालाच्या आधारे कबुली रद्द करण्याचा अर्ज करता येतो. न्यू जर्सीत त्यासाठी सर्वसाधारण मुदत ५ वर्षांची आहे, पण थांबू नये. अर्ज कायदेशीर चुकीवर उभा असायला हवा. ‘मुलगा आता सुधारला आहे’ किंवा ‘त्याला व्हिसाची अडचण येते आहे’ अशा कारणावर राज्याच्या कोर्टानं कबुली रद्द केली, तर इमिग्रेशन खातं ती रद्द झाल्याचं मानत नाही. अर्ज भाच्याच्या वकिलाकडून करून घेऊ नका. त्याला त्यात स्वतःचीच चूक लिहावी लागेल.